ताप उतरल्यावर

माधू, परवा तुझ्या शोकसभेतून मी मध्येच उठून आले.

सभागृहात माणसं मावत नव्हती. तुझ्या तसबिरीला झेंडूचा एवढा जाड हार घातला होता की त्यात तुझी हनुवटी बुडाली होती. आपल्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर बोलायला उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "डॉक्टर माधवरावांनी शास्त्राच्या वेदीवर स्वतःचं बलिदान दिलं." लोकांनी माना डोलावल्या. मी पुढच्या रांगेत मायजवळ बसले होते. मला बसवेना. मी उभी राहिले नि म्हणाले, "बलिदान नाही दिलं त्यानं, डॉक्टरसाहेब. त्याच्या हातात फाटका रबरी हातमोजा होता."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "अक्कांना बाहेर न्या. सख्खा भाऊ गेलाय, डोकं ठिकाणावर नाही त्यांचं." मी म्हटलं, न्यायला कशाला पाहिजे, पाय शाबूत आहेत माझे. आणि निघाले. डोकंही शाबूत आहे. भाऊ तेवढा गेला.

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले आहे. त्या चष्मेवाल्यावर तर आहेच, पण तुझ्यावरही आहे, आणि हे तुला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. तुझा जन्म कुठला, तू परीक्षा कोणत्या दिल्यास, ते सभेत सांगून झालं. त्यातलं निम्मं चूकही होतं. मी ते सांगत नाही.

मी आधी धुळ्यात आले, बायकांच्या वॉर्डात नर्स म्हणून. कपाळ पांढरं झालेली पोर पुण्याला जाऊन नर्सिंग शिकते म्हणून भडगावात आपल्या दारावरून लोक तोंड फिरवून जायचे, तेव्हा तू शाळेत होतास. पुढे तू डॉक्टर होऊन त्याच दवाखान्यात आलास आणि माझा वरिष्ठ झालास. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर मला "सिस्टर" म्हणालास. मी तुला भांडारघरात नेऊन विचारलं, "सिस्टर कोणाला म्हणतोस रे?" तू म्हणालास, "अक्का, इंग्रजीतही त्याचा अर्थ तोच आहे." मला हसू आवरलं नव्हतं. रोग्यांसमोर आपण पुस्तकी मराठी बोलायचो आणि भांडण पेटलं की आपल्या गावच्या बोलीवर यायचो. म्हणजे बहुतेक वेळ गावच्या बोलीतच बोलायचो.

आपल्याकडे बाया यायच्या त्या उशिरा. बाळंत होऊन चार-सहा दिवस झालेले, अंगातून भट्टीसारखी वाफ, पोट फुगलेलं, वास सुटलेला. घरच्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे असायचं, ताप. ताप चढला की रडायचं, उतरला की नारळ फोडायचा. खरं सांगायचं तर आम्हा नर्सांचंही तसंच होतं. आणि मोठ्या डॉक्टरांचंही.

शिरपूरकडची ती काशीबाई आठवते तुला? तुला आठवतच असणार, तिच्यापासून तर तुझं वेड सुरू झालं. सकाळी तिचा ताप उतरला. डोळे स्वच्छ, बोलायला लागली, पाणी मागत होती. तिच्या सासूनं मला गुळाचा खडा दिला, वॉर्डातल्या सगळ्या बायांना दिला. मोठे डॉक्टर फेरीवर आले, कपाळाला हात लावून "छान, छान" म्हणून पुढे गेले. त्यांच्यामागे तू होतास. तू कपाळाला हात लावला नाहीस. तू तिची बोटं धरलीस. मग मनगट धरलंस. मग पांघरूण वर करून पायांना हात लावलास. तुझा चेहरा बघून सासूच्या हातातला गूळ तसाच राहिला.

"हिला आत्ता शिरेतून मिठाचं पाणी द्यायला हवं," तू म्हणालास.

मोठे डॉक्टर वळून म्हणाले, "कशाला? ताप उतरलाय तिचा."

"म्हणूनच," तू म्हणालास.

त्यांनी दिलं नाही. काशीबाई त्याच दिवशी दुपार कलताना गेली. सासू मला विचारत होती, ताप तर उतरला होता, मग असं कसं? मी काय सांगणार? मी तुला विचारलं. तू हात धूत होतास. पाण्याकडे बघत म्हणालास, "ताप हरला नव्हता, अक्का. तिचं अंग हरलं होतं."

त्या दिवसापासून तू बायांचे हात धरून बसायला लागलास. वॉर्डात कुजबुज झाली, अविवाहित डॉक्टर बायांचे हात धरतो. तू कोणाचं ऐकतोस! रक्तदाबाचं यंत्र दवाखान्यात एकच, ते मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत, त्यांच्या श्रीमंत रोग्यांसाठी. ते तू जेवायच्या वेळेला मागून आणायचास, आणि मोठे डॉक्टर नसताना गार पडत चाललेल्या बाईला शिरेतून मिठाचं पाणीही लावायचास. तुझं जेवण माझ्या डब्यात तसंच राहायचं. मग हळूहळू तू मला सांगायला लागलास की बाळंतरोगानं जाणारी बाई आणि बाळंतपणात रक्त जाऊन मरणारी बाई शेवटी सारख्याच दिसतात. हात गार, नाडी पळती, तहान, आणि डोळे विलक्षण शुद्धीवर. "एकीचं रक्त बाहेर सांडतं," तू म्हणायचास, "दुसरीचं अंगातल्या अंगात हरवतं. वाटा दोन, गाव एकच. त्या गावाच्या वेशीवर तिला अडवायची. वेशीच्या आत गेली की संपलं."

मला ते पटलं होतं. मी कधी तोंडानं म्हटलं नाही, कारण तू आधीच फार चढला होतास.

पांझरेकाठच्या गावची ती सखू आली ती रक्तात भिजलेल्या गोधडीवर. बैलगाडीतून उतरवली तेव्हा ओठ कागदासारखे होते. मोठे डॉक्टर बाहेरगावी होते, म्हणून आपल्याला अडवायला कोणी नव्हतं. तू पोट दाबून, कापड भरून रक्त थांबवलंस आणि ओसरीवर येऊन म्हणालास, "हिला रक्त पाहिजे. माणसाचं." ओसरीवर दहा-बारा माणसं होती. बघता बघता निम्मी बैलांना पाणी पाजायला गेली. तिची सासू म्हणाली, दुसऱ्याचं रगत अंगात घातलं तर पोरगी घरची राहील का? तेवढ्यात तिचा नवरा पुढे आला. काळा, किडकिडीत, भेदरलेला. बाही वर करून म्हणाला, "डॉक्टरसायेब, मनं रगत ल्या. बठ्ठं ल्या." अंगातलं सगळं रक्त द्यायला तयार होता तो.

तू काचेवर थेंब मिसळून बघितलंस, जमत होतं. त्याला तिच्या शेजारी बाकावर निजवलंस. बाटलीतून ते रक्त तिच्या हातात उतरायला लागलं आणि आपण दोघं तिच्या ओठांकडे बघत राहिलो. रंग परत येताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं नि तू मला ओरडत होतास, "देखस काय अक्का, नाडी धर!"

माधू, मी खूप बाळंतपणं केली, खूप मुलं हातात घेतली. पण तेवढा आनंद मला कशानंच झाला नाही. तो तू दिलास. हे एवढं रागाच्या बाहेर ठेवते.

आणि आता आपलं भांडण.

मुंबईहून एक मोठे प्राध्यापक दवाखाना बघायला आले होते. मोठ्या डॉक्टरांनी तुला मुद्दाम पुढे केलं, गंमत बघायची होती त्यांना. तू सांगत सुटलास. हात गार पडायला लागल्याबरोबर, रक्तदाब पुरता कोसळायच्या आधी शिरेतून पाणी भरलं तर काही बाया परत येतात. लवकर दिलं तर जास्त येतात. प्राध्यापकांनी नीट ऐकून घेतलं, हे खरं. मग म्हणाले, "ज्यांना दिलं नाही, त्यांचं काय झालं?"

तू म्हणालास, "ज्यांची वेळ निघून गेली नव्हती त्या सगळ्यांना दिलं."

"मग दिल्यामुळे वाचल्या हे कशावरून? त्या कदाचित तशाही वाचल्या असत्या. एकीला द्या, एकीला देऊ नका. मग मला सांगा."

मोठे डॉक्टर हसले. आणि तू, माधू, तू हसला नाहीस. तू विचारात पडलास.

आठवड्याभरात तू माझ्याकडे आलास. चादरी मोजून घेत होते मी. म्हणालास, "अक्का, येतील तशा घ्यायच्या. एक आड एक. बाकी उपचार सारखे. फक्त मिठाचं पाणी एकीला लवकर, दुसरीला नेहमीसारखं."

"नेहमीसारखं म्हणजे नाही."

"म्हणजे नाही."

मी चादर खाली टाकली. सगळ्या वॉर्डानं ऐकलं मी काय म्हणाले ते. "मन्या बाया काय तुन्या उंदऱ्या शेतस का?"

"तू आयकी तं ल्हे!"

मी ऐकून घेतलं नाही. म्हटलं, माझ्या बाया प्रयोगाचे उंदीर नाहीत, जिला देणार नाहीस तिच्या नवऱ्याला ओसरीवर जाऊन तूच सांग, की बाबा, तुझ्या बायकोचा नंबर रिकामा आला. सांगशील? तू पांढराफटक पडलास. पण मागे हटला नाहीस. म्हणालास, "आज चोपड्यात, यावलात, जळगावात, सगळीकडे बाया न देता मरताहेत. त्यांना पण कोणी देत नाही. त्या नाही दिलेल्याच आहेत अक्का, फक्त त्यांना कोणी मोजत नाही. मी इथं थोड्या बायांवर दाखवून दिलं तर उद्या सगळीकडे देतील."

"त्या मला दिसत नाहीत," मी म्हटलं. "हिचा हात माझ्या हातात आहे."

तू ते केलं नाहीस. माझ्या वॉर्डात माझ्या डोळ्यांदेखत करणं तुला शक्य नव्हतं, आणि मला वाटतं, तुझ्याच्यानं ते कुठेच झालं नसतं. गार हात धरल्यावर तो सोडून पुढच्या खाटेकडे जाणारा तू नव्हतास. म्हणून तुझं म्हणणं कोणी मानलं नाही. मोठे डॉक्टर फेरीत तुझी नक्कल करायचे, एखादीचं बोट धरून "वेशीवर आली का हो?" म्हणायचे. तुझ्याबरोबरचे डॉक्टर हसायचे. परवा सभेत तेच डॉक्टर रुमालात नाक शिंकरत होते.

तरी आपण भांडत राहिलो. चहा पिताना, भाजी घेताना, मायसमोर. माय म्हणायची, "तुम्ही दोन्ही जन काय वाटनीना झगडा करतस का?" मला अजून वाटतं, माझंच बरोबर होतं. आणि तुझंही म्हणणं मला खोडता आलेलं नाही. असं अर्धवट भांडण टाकून जाणं ही तुझी लबाडी आहे.

आता मोज्यांचं बोलते. लढाईमुळे रबराची टंचाई, हे मला कोणी सांगायला नको. पण नवे मोजे कपाटात होते. कपाटाची किल्ली मोठ्या डॉक्टरांच्या कमरेला. ते मोजे त्यांच्या शस्त्रक्रियांसाठी. आपल्या बायांच्या वॉर्डाला जुने, ठिगळ लावलेले, उकळून उकळून चिकट झालेले. मी दोनदा जाऊन मागितले. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "सिस्टर, घाणीतच काम करायचं तर नवे मोजे कशाला?" घाण म्हणजे आपल्या बाया.

ती पारोळ्याकडची बाई आली तेव्हा तिच्या पोटात पू झाला होता. तू उघडून काढलास, आणि टाका घालताना सुई मोज्याच्या फाटक्या जागेतून तुझ्या बोटात गेली. मी समोर उभी होते. मला तुझा हात थबकलेला दिसला. मी विचारलं, "लागलं?" तू म्हणालास, "नाही." माधू, मी तुला अंगाखांद्यावर खेळवलेलं. आंब्यावरून पडलास तेव्हाही असंच "नाही" म्हणाला होतास, आणि हात मोडलेला होता. तुला वाटलं, सांगितलं तर मी हातातली सुई हिसकावीन, आणि ती बाई टेबलावर तशीच उघडी राहील. मी हिसकावलीच असती. तिचं पोट शिवायला दुसरं कोणी मिळालं असतं की नाही, ठाऊक नाही. ती वाचली. परवा सभेला आली होती, मागे, मूल घेऊन. तिच्यावर मला रागावता येत नाही. म्हणून तुझ्यावर जास्त येतो.

दुसऱ्या दिवशी बोट सुजलं, तिसऱ्या दिवशी दंडावर लाल रेघ चढली. सल्फाच्या गोळ्या होत्या तेवढ्या दिल्या, आणखी आणायला मी जळगावला माणूस पाठवला. बोट चिरलं, काखेतली गाठ चिरली. ते नवं औषध, ज्याच्या गोष्टी पेपरात येत होत्या, ते फौजेला. तू काय फौजेत होतास? मोठे डॉक्टर येऊन गेले, फार चांगले वागले. माझ्या हातात नव्या मोज्यांची जोडी ठेवून गेले, तुझी जखम धुताना घालायला. ती मी त्यांच्या पाठीवर फेकून मारली नाही, याचा आज पश्चात्ताप होतो.

माय भडगावाहून आली. तुझ्या कपाळावर ओली पट्टी ठेवून बसली. आणि एका सकाळी तुझा ताप उतरला.

तू डोळे उघडलेस. स्वच्छ. मायला ओळखलंस, चहा मागितलास. मायनं माझ्याकडे बघितलं, त्या बघण्यातला आनंद मी मरेपर्यंत विसरणार नाही. ती उठली, देवासमोर साखर ठेवली, शेजारीण आली तिच्या हातावर ठेवली. माझ्यापुढे हात केला. मी साखर घेतली. मायला काही कळू नये म्हणून तोंडात घातली. कारण माझा दुसरा हात पांघरुणाखाली तुझ्या पायावर होता, आणि पाय गार होता.

मग जे जे तू शिकवलंस ते ते मी केलं. मिठाचं पाणी शिरेतून लावलं. तुझ्या हाताखालच्या डॉक्टरला काचेवर थेंब बघायला लावले; माझं रक्त तुझ्याशी जमलं, ते दिलं. आणि तू? तू पडल्या पडल्या हसत म्हणालास, "अक्का, मी कोणत्या गटातला? दिलेल्या की न दिलेल्या?"

मी म्हटलं, "गप्प पड."

"हात कुठपर्यंत गार आलाय? कोपरापर्यंत? बघ ना. माझ्या बोटांना कळत नाही."

"माधू, गप्प पड."

"बघून ठेव. डोकं अगदी साफ आहे. बायांना आतून कसं वाटत असेल ते कधी कळलं नव्हतं. तहान फार लागते, अक्का. त्यांना पाणी देत जा."

माझा भाऊ मरत होता आणि मला त्याचा कोपर मोजायचा नव्हता. तू मला तिथेही नर्स केलंस. एकदा तरी, शेवटचं, नुसती अक्का राहू द्यायचं होतंस. मी तुझा हात धरून बसले, तो गार होत होता हे मला तू न सांगताही कळत होतं. दुपारी तू पाणी मागितलंस आणि मी आणेपर्यंत थांबला नाहीस.

माय रडली नाही. ती विचारत राहिली. तिरडी बांधताना, राख सावडून आणल्यावर, माणसं भेटायला येत होती तेव्हा, एकच. "ताप तं उतरी गयथा ना वं? मंग मना पोऱ्या काबरं गया?" लोक तिला देवाची इच्छा सांगत होते. सभेवरून घरी आल्यावर तिनं परत विचारलं, आणि मी तिला समोर बसवून सांगितलं. तू मला सांगितलं होतंस तसंच सगळं. अंग कसं हरतं, रक्त आतल्या आत कसं हरवतं, हात आधी कसे गार होतात. तिच्या हाती साखर होती तेव्हा मला काय कळलं होतं, तेही सांगितलं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "हाई बठ्ठं त्याले ठावकं व्हतं?"

"हो. त्यानंच शोधलं."

"मंग लोकेस्ले काबरं नही सांगं?"

काय सांगू मी तिला, माधू, की सांगत होता, कोणी ऐकत नव्हतं?

आज सकाळी मी नळावर गेले तर माय बाहेर ओट्यावर होती. गल्लीतल्या बाया समाचाराला आल्या होत्या. त्यात एक पोटुशी पोर होती, दिवस भरत आलेले. माय तिच्या मनगटावर बोटं ठेवून बसली होती, आणि बाकीच्या बाया भोवती वाकून बघत होत्या. माय सांगत होती, "बायंतीनना ताप उतरना म्हणीसन हासू नका. तिना हात धरा, पाय धरी देखा. गार शेतस, नाडी पयस, तं बठ्ठं काम सोडा नि तिले दवाखानामा लई जा. तठे मनी पोर शे. तिले सांगा, माधूनी मायनी धाडं."

मी घागर तिथंच ठेवली. माझी कामावर जायची वेळ झाली होती. मी साडी बदलली, मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, मोज्यांच्या कपाटाची किल्ली द्या. मी हात पुढे करून उभी होते.

त्यांनी किल्ली दिली.